एचआर पॉलिसी लिहायची कशी : लहान-मध्यम कंपनीसाठी टप्प्याटप्प्याने

बहुतेक कंपन्यांमध्ये एचआर पॉलिसी, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीचे लेखी नियम, एकाच पद्धतीने जन्माला येते. एखादा वाद होतो, मालक म्हणतात ‘आता लेखी काहीतरी हवंच’, आणि दुसऱ्या कंपनीची फाइल शोधून त्यातलं नाव बदललं जातं. चाळीस पानांचा दस्तऐवज तयार होतो. त्यातल्या निम्म्या गोष्टी त्या ठिकाणी कधी घडतच नाहीत, आणि ज्या रोज घडतात त्यांच्याबद्दल त्यात एक ओळही नसते. पुढचा वाद आला की तीच पॉलिसी कंपनीच्या विरोधात दाखवली जाते.

लिहिणं हा या कामाचा चौथा टप्पा आहे. लोक तिथूनच सुरुवात करतात, आणि सगळं तिथेच बिघडतं. खालचा क्रम महाराष्ट्रातल्या २० ते १५० माणसांच्या ऑफिस, दुकान, सेवा व्यवसाय किंवा छोट्या युनिटसाठी आहे. कारखाना असेल तर कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी आणि सुरक्षिततेचे नियम वेगळे लागतात. क्रम मात्र हाच राहतो.

टप्पा १ : आज काय चालतं ते गोळा करा

मसुद्याची फाइल उघडू नका. आधी मागच्या बारा महिन्यांचे कागद समोर घ्या: हजेरी, पगारपत्रक, रजेचे अर्ज, दिलेली पत्रं, आलेले राजीनामे, उचल दिल्याच्या नोंदी. रजा व्हॉट्सअॅपवर मागितल्या जात असतील तर ते मेसेजही बघा, कारण खरी प्रथा तिथेच सापडते.

मग पाच जणांशी स्वतंत्र बोला: पगार काढणारी व्यक्ती, सर्वांत जुना कर्मचारी, सर्वांत नवा कर्मचारी, एक सुपरवायझर, आणि गेटवर किंवा रिसेप्शनला बसणारी व्यक्ती. प्रत्येकाला ठोस प्रश्न विचारा. ‘रजा कशी मिळते?’ असं विचारलं की ‘अर्ज केला की मिळते’ एवढंच उत्तर येतं. ‘मागच्या वेळी तुम्ही रजा घेतलीत तेव्हा नक्की कुणाला, कसं सांगितलंत आणि पगार कापला गेला का?’ असं विचारलं तर खरं कळतं.

एका कागदावर तीन रकाने करा: विषय, आज काय होतं, कोण ठरवतं. हा कागद भरताना बऱ्याच गोष्टी बाहेर येतात. विक्री विभागाला फोनवर रजा मिळते आणि अकाउंट्सला फॉर्म भरावा लागतो. एका सुपरवायझरकडे रविवारी आल्याचा कॉम्प ऑफ (बदली सुट्टी) मिळतो, दुसऱ्याकडे मिळत नाही. उचल फक्त मालकांच्या ओळखीतल्यांना मिळते. तक्रारींचं कारण कडक नियम हे क्वचितच असतं. एकाच छताखाली दोन नियम चालतात म्हणून त्या होतात. त्यामुळे ज्या ओळीसमोर दोन वेगवेगळी उत्तरं आली, तिच्यावर खूण करा. पॉलिसी खरं तर त्या ओळींसाठीच लिहायची आहे.

पडताळणी: ‘कोण ठरवतं’ या रकान्यात एकच नाव पुन्हा पुन्हा येत असेल, तर ती व्यक्ती रजेवर असताना काय होतं हेही लिहून ठेवा.

टप्पा २ : कायद्याची किमान पातळी ठरवा

पॉलिसीत कायद्यापेक्षा जास्त देता येतं, कमी देता येत नाही. कर्मचाऱ्याने सही केली असली तरी कमी दिलेलं टिकत नाही. म्हणून आधी माणसं मोजा. ठेकेदाराकडून आलेले हाउसकीपिंगचे आणि सिक्युरिटीचे लोकही वेगळ्या यादीत मोजून ठेवा. त्यांना वगळून आकडा काढण्याची सवय महागात पडते.

आकड्यानुसार ढोबळ चित्र असं आहे:

१० किंवा जास्त: लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती, ग्रॅच्युइटी (नोकरी सुटताना सेवेच्या वर्षांनुसार मिळणारी रक्कम), मातृत्व लाभ आणि ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा (महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांसाठी).

२० किंवा जास्त: भविष्य निर्वाह निधी आणि तक्रार निवारण समिती.

५० किंवा जास्त: पाळणाघराची सोय.

३०० किंवा जास्त कामगार: स्थायी आदेश, म्हणजे कामाच्या अटी आणि शिस्तीचे कायद्याने प्रमाणित करून घ्यायचे नियम. त्याखालच्या कंपनीला ते सक्तीचे नाहीत, आणि म्हणूनच तिथे शिस्तीचे नियम पॉलिसीत नीट लिहिणं जास्त गरजेचं आहे.

इथे एक धोक्याची जागा आहे. इंटरनेटवर मिळणारे बहुतेक नमुने आता शिळे झाले आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा व कामाच्या जागेची सुरक्षितता या विषयांवरचे २९ जुने कायदे त्यांत सामावले गेले. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही २०२५ मध्ये दुरुस्ती झाली: मुख्य तरतुदी लागू होण्याची मर्यादा १० वरून २० कामगारांवर गेली आणि रोजच्या कामाची कमाल ९ वरून १० तासांवर. नमुन्यात ‘पेमेंट ऑफ वेजेस अॅक्ट, १९३६’ असा उल्लेख दिसला, तर तो नमुना आधीचा आहे असं समजा.

सावधान: पॉलिसीत कलमांचे क्रमांक भरू नका. ‘लागू कायद्यानुसार’ असं लिहून नेमका आकडा आणि कृती सांगा. कलमांची यादी वेगळ्या कागदावर स्वतःकडे ठेवा आणि शेवटी कामगार कायद्याच्या सल्लागाराकडून तपासून घ्या. सल्लागाराला कोरा कागद देऊ नका, तयार मसुदा द्या. नाहीतर परत त्याचाच जुना नमुना हातात येईल.

टप्पा ३ : निर्णय आधी, शब्द नंतर

आता मालक किंवा संचालकांसमोर बसा आणि प्रश्नांची यादी ठेवा. ‘तुम्ही लिहून आणा, मग बघू’ याला तयार होऊ नका. लिहून आणलेला मसुदा वाचला जात नाही, त्यावर फक्त सही होते, आणि पहिल्या प्रसंगाला ‘मला हे मान्यच नव्हतं’ असं ऐकावं लागतं.

प्रश्न थेट आणि पैशांशी जोडलेले असावेत. प्रोबेशन (कायम करण्याआधीचा चाचणीचा काळ) किती महिन्यांचं आणि मुदत संपल्यावर पत्र दिलं नाही तर माणूस कायम समजायचा का? नोटीस पिरियड दोन्ही बाजूंना सारखा आहे का? आजारपणाची वेगळी रजा द्यायची का? घरून काम कोणाला, आठवड्यात किती दिवस? उचल जास्तीत जास्त किती आणि किती हप्त्यांत वसूल करायची? नातेवाईक एकाच विभागात चालतील का?

नोटीस पिरियडवर जरा थांबा. कर्मचाऱ्याने तीन महिने द्यायचे आणि कंपनीने एक महिना, असं अनेक नियुक्तीपत्रांत असतं. अशी अट माणसाला थांबवत नाही. तो न सांगता निघून जातो आणि कामाचं हस्तांतर होतच नाही. दोन्हीकडे सारखी आणि पेलेल एवढी मुदत ठेवा.

पडताळणी: प्रत्येक निर्णयासमोर तारीख आणि निर्णय घेणाऱ्याची सही घ्या. हा कागद पॉलिसीचा भाग नाही, पण सहा महिन्यांनी तोच उपयोगी पडतो.

टप्पा ४ : मसुदा लिहा, या क्रमाने

आधी हजेरी आणि कामाचे तास, मग रजा, मग पगार आणि कपाती, मग वर्तन आणि शिस्त, मग तक्रारी, शेवटी राजीनामा आणि सेवासमाप्ती. प्रस्तावना, कंपनीचं ध्येय वगैरे सर्वांत शेवटी, आणि अर्ध्या पानात. नियुक्तीपत्राचा नमुनाही आत्ताच बदला, कारण प्रत्येकाला लेखी नियुक्तीपत्र देणं आता सक्तीचं आहे, आणि पत्रात एक व पॉलिसीत दुसरं असेल तर वाद हमखास.

प्रत्येक नियमाने पाच प्रश्नांची उत्तरं दिली पाहिजेत: कोणाला लागू, काय करायचं, कोणाकडे, किती दिवसांत, आणि तसं झालं नाही तर काय. एक उदाहरण घ्या. बहुतेक पॉलिसींत असं वाक्य असतं:

‘कर्मचाऱ्यांनी रजेची पूर्वसूचना शक्य तितकी आधी द्यावी. रजा मंजूर करण्याबाबत व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम राहील.’

यातून कोणालाच काही कळत नाही. हेच असं लिहा:

‘तीन दिवसांपर्यंतच्या अर्जित रजेसाठी किमान ७ दिवस आधी थेट वरिष्ठांकडे ई-मेलने किंवा फॉर्मवर अर्ज करावा. वरिष्ठांनी दोन कामकाजाच्या दिवसांत लेखी उत्तर द्यावं. रजा नाकारल्यास कारण लिहावं आणि दुसऱ्या तारखा सुचवाव्यात. दोन दिवसांत उत्तर न आल्यास रजा मंजूर समजावी. वरिष्ठ रजेवर असल्यास अर्ज एचआरकडे द्यावा.’

चौथं वाक्य लिहायला मालक कचरतात. पण तेच वाक्य सुपरवायझरला वेळेत उत्तर द्यायला लावतं. ते काढू नका.

टप्पा ५ : जिथे मसुदे हमखास चुकतात

रजा. दुकाने व आस्थापना कायद्याखाली किमान गोष्टी अशा: वर्षाला ८ नैमित्तिक रजा, तिमाहीला खात्यात जमा होणाऱ्या, वर्ष संपताना न वापरलेल्या रद्द होणाऱ्या. वर्षात २४० दिवस काम झालं असेल तर दर २० दिवसांमागे १ अर्जित रजा, आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. शिवाय ८ पगारी सणाच्या सुट्ट्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ठरलेल्या, आणि उरलेल्या चार वर्ष सुरू होण्याआधी कामगारांशी ठरवून. ‘मालक जाहीर करतील त्या चार’ असं लिहिणं म्हणूनच चूक. मतदानाच्या दिवशीची पगारी सुट्टीही बरेच जण विसरतात.

खरी कसोटी आकड्यांपेक्षा गर्दीच्या दिवसांत लागते. कोकणातली माणसं गणपतीला, बिहार-उत्तर प्रदेशची छठपूजेला, बाकीची मे महिन्यातल्या लग्नांना एकदम रजा मागतात. अशा काळासाठी वेगळा नियम लिहा: अर्जाची शेवटची तारीख, एका विभागातून एका वेळी जास्तीत जास्त किती जण, आणि मागच्या वर्षी ज्याला नाकारली त्याला यंदा आधी. एवढ्या तीन ओळी असल्या तरी निम्मी भांडणं आधीच मिटतात.

उशीर. ‘तीन लेट मार्कला अर्धा दिवस कापला जाईल’ हा नियम महाराष्ट्रभर चालतो, आणि तो टिकणारा नाही. गैरहजेरीबद्दलची कपात प्रत्यक्ष गैरहजर असलेल्या वेळेच्या प्रमाणापेक्षा जास्त करता येत नाही. माणूस तीन वेळा दहा-दहा मिनिटं उशिरा आला तर त्याची गैरहजेरी अर्धा तास झाली, चार तास नव्हे. दंड लावायचा तर त्याचे निकष वेगळे आहेत: कोणत्या कृत्यांसाठी दंड ते आधी जाहीर केलेलं हवं, संबंधिताला म्हणणं मांडू द्यावं लागतं, आणि एका महिन्यात दंड वेतनाच्या ३ टक्क्यांवर जाऊ शकत नाही. त्यापेक्षा असं लिहा: १० मिनिटांची सवलत, त्यापुढे तितक्याच वेळेची कपात किंवा त्याच दिवशी भरपाई, आणि महिन्यात ठरावीक वेळेपेक्षा जास्त उशीर झाला तर आधी बोलणं, मग लेखी ताकीद. बायोमेट्रिक मशीन बंद पडलं तर हजेरी कशी धरायची, हेही लिहाच.

ओव्हरटाइम. ठरलेल्या तासांपुढचं काम दुप्पट दराने. ‘पगारातच ओव्हरटाइम धरलेला आहे’ हे वाक्य नियुक्तीपत्रातून काढून टाका. दर दुप्पट कशाच्या, हे ठरवताना वेतनाची नवी व्याख्या बघा: भत्त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली तर वरची रक्कम वेतनात धरली जाते. बेसिक (मूळ पगार) मुद्दाम खूप कमी दाखवलेली पगाररचना इथे उघडी पडते.

फुल अँड फायनल, म्हणजे नोकरी सोडतानाचा शेवटचा हिशोब. ‘राजीनाम्यानंतर ४५ दिवसांत हिशोब’ असं जुन्या पॉलिसींत सर्रास सापडतं. वेतन संहितेनुसार राजीनामा असो की कामावरून काढणं, वेतनाची बाकी दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावी लागते. हे शेवटच्या दिवशी धावपळ करून जमत नाही. नोटीस पिरियडमध्येच काम सुरू करावं लागतं. म्हणून पॉलिसीत वेळापत्रक घाला: राजीनामा मिळाल्यावर तीन दिवसांत लेखी स्वीकृती आणि शेवटची तारीख, शेवटच्या आठवड्यात लॅपटॉप-ओळखपत्र-सिमकार्ड परतीची यादी, शेवटच्या दिवसापर्यंत रजेचा हिशोब तयार. ग्रॅच्युइटी लागू असेल तर ती ३० दिवसांत. मूळ प्रमाणपत्रं किंवा कोरे धनादेश अडकवून ठेवण्याची पद्धत कुठे असेल तर ती आजच बंद करा. हा माणसाच्या पुढच्या नोकरीचा प्रश्न असतो, आणि तो असा ओलीस ठेवणं अन्याय आहे.

लैंगिक छळ प्रतिबंध. इथे क्रम उलटा करा: आधी समिती, मग पॉलिसी. समिती लेखी आदेशाने नेमा. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला कर्मचारी, कर्मचाऱ्यांतून किमान दोन सदस्य, एक बाहेरचा सदस्य, आणि एकूण सदस्यांत किमान निम्म्या महिला. बाहेरचा सदस्य महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतला किंवा या विषयाची जाण असलेला हवा. कंपनीचे सीए ओळखीचे आहेत म्हणून त्यांना बसवू नका. मालकांच्या पत्नी कर्मचारी नसतील तर त्या अध्यक्ष होऊ शकत नाहीत.

मुदती पॉलिसीत स्पष्ट लिहा: तक्रार तीन महिन्यांत, कारण पटल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते, चौकशी ९० दिवसांत, अहवाल त्यानंतर १० दिवसांत, त्यावर कंपनीची कारवाई ६० दिवसांत. समेट फक्त तक्रारदार महिलेने मागितला तरच, आणि पैसे देऊन नाही. समिती न नेमल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर सर्वांना दिसेल असे लावा. केबिनमधल्या फाइलमध्ये असलेली समिती हाउसकीपिंगच्या मावशींना माहीत नसते, आणि त्यांनाच तिची गरज सगळ्यात जास्त पडू शकते. १० पेक्षा कमी माणसं असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. ते पॉलिसीत लिहा.

मातृत्व. मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असेल तर २६ आठवडे पगारी रजा, त्यातली ८ आठवड्यांपर्यंत प्रसूतीआधी. दोन हयात मुलं असतील तर १२ आठवडे. ‘प्रोबेशनवर असलेल्यांना लागू नाही’ हे वाक्य बेकायदा आहे.

शिस्त. ‘गैरवर्तन आढळल्यास तात्काळ बडतर्फ’ असं लिहून काही साधत नाही. क्रम लिहा: कारणे दाखवा नोटीस, उत्तरासाठी मुदत, आरोपपत्र, चौकशी अधिकारी, बाजू मांडण्याची आणि साक्षीदारांना प्रश्न विचारण्याची संधी, निष्कर्ष, मग शिक्षा. तक्रार करणारा सुपरवायझरच चौकशी अधिकारी असू नये. किरकोळ आणि गंभीर गैरवर्तनाच्या दोन वेगळ्या याद्या करा, आणि तुमच्या कामाच्या ठिकाणी खरंच घडू शकणारी उदाहरणं द्या: दुसऱ्याची हजेरी लावणं, गिऱ्हाइकाकडून परस्पर पैसे घेणं, मशीनचं सुरक्षा कव्हर काढून काम करणं.

टप्पा ६ : जुने प्रसंग घालून बघा

पहिल्या टप्प्यातले पाच खरे प्रसंग काढा, नावं झाकून, आणि मसुदा हातात घेऊन प्रत्येकाचा निकाल लावा. हे काम दोन जणांनी वेगवेगळं करावं: एक एचआरची व्यक्ती, एक सुपरवायझर. दोघांचं उत्तर सारखं आलं तर नियम स्पष्ट आहे. वेगळं आलं तर वाक्य पुन्हा लिहा. नियम समजावून सांगत बसू नका, कारण लागू झाल्यावर समजवायला तुम्ही प्रत्येक वेळी तिथे नसाल.

मग पगार काढणाऱ्या व्यक्तीला विचारा: या महिन्याचा पगार या नियमांनी सॉफ्टवेअरमध्ये बसतो का? सॉफ्टवेअर महिन्याच्या २६ दिवसांवर रोजचा दर काढतं आणि पॉलिसी ३० म्हणते, असा मेळ न बसण्याचा प्रकार नेहमीचा आहे.

टप्पा ७ : लागू करा

भाषा कर्मचाऱ्यांची हवी. इंग्रजी प्रत सल्लागाराला ठेवा, पण मजुरांना आणि मदतनिसांना मराठीत, गरज असेल तिथे हिंदीत द्या. दोन प्रतींत फरक निघाला तर कोणती ग्राह्य, ते पहिल्याच पानावर लिहा.

सर्वांना सांगण्याआधी सुपरवायझरांची स्वतंत्र बैठक घ्या. रजा नाकारणं, उशिराची नोंद, तक्रार ऐकणं ही कामं तेच करणार आहेत. त्यांनी ‘ऑफिसने काहीतरी नवीन काढलंय’ असं म्हटलं की पॉलिसी तिथेच संपली. नंतर छोट्या गटांत वाचून दाखवा, प्रश्न लिहून घ्या, आणि आठवड्याने सही घ्या. वाचून दाखवण्याच्या दिवशीच सही मागितली तर लोक घाबरतात, विचारत काहीच नाहीत.

सावधान: लागू होण्याची तारीख पुढची ठेवा. मागच्या तारखेपासून कपात सुरू करू नका. साठलेल्या जुन्या रजांचं काय होणार, हे त्याच दिवशी प्रत्येकाला आकड्यासह लेखी द्या.

टप्पा ८ : बदल कसे करायचे

प्रत्येक प्रतीवर आवृत्ती आणि तारीख छापा. वर्षातून एकदा, शक्यतो सणाच्या सुट्ट्या ठरवण्याच्या वेळी म्हणजे डिसेंबरमध्ये, सगळी पॉलिसी बघा. मधल्या काळात नियमाला सोडून जे जे निर्णय द्यावे लागले, त्यांची एक वही ठेवा: कोणाला, कशासाठी, कोणी मंजूर केलं. एकाच नियमाला तिसऱ्यांदा अपवाद करावा लागला तर तो नियम बदलण्याच्या यादीत टाका.

कर्मचाऱ्यांच्या बाजूचा बदल लगेच करता येतो. कामाचे तास, शिफ्ट, रजा, भत्ते यांत कामगारांचं नुकसान होईल असा बदल मात्र एका ई-मेलने होत नाही. त्यासाठी २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि त्या दिवसांत आलेल्या हरकती तक्रार निवारण समितीसमोर लेखी नोंदवून ठेवा.